नांव परिचित, चरित्र अपरिचित : वाल्डेमार हाफकिन

मुंबईस परळ येथें एक जुना, विस्तीर्ण वाडा आहे. पोर्तुगीजांच्या अमदानींत त्या जागीं ख्रिस्ती धर्मसंघाचें प्रार्थनामंदिर होतें, पुढें इंग्रजी अमलांत तेथें मुंबईच्या गव्हर्नराचें निवासस्थान झालें, आणि इ. स. १८९९ पासून तेथें रोगजंतूंच्या अभ्यासाचें व लसींचें कार्य चालत आलें आहे. हाफकिन संस्था हें त्या स्थानाचें आजचें नांव. सर्पदंशावरील औषध, लहान मुलांस पाजावयाची पोलिओची लस अशा गोष्टींशीं जोडलें गेल्यामुळें हें नांव महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत पोहोंचलेलें आहे. परंतु हाफकिन म्हणजे कोण, असें विचारलें तर बहुधा उत्तर मिळत नाहीं. कोणास तें एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याचें नांव वाटतें, तर कोणास एखाद्या दानशूर व्यापाऱ्याचें. वस्तुतः हा मनुष्य इंग्रज नव्हता, धनिक नव्हता, आणि लक्षावधि लोकांस ज्याची लस टोचली गेली तो वैद्यकीची पदवी घेतलेला डॉक्टरहि नव्हता. त्याच्या चरित्रांत शास्त्राचा एक पाठ आहे व न्यायाचा दुसरा. दोन्ही पाठ विद्यार्थ्यांच्या उपयोगाचे असल्यामुळें तें चरित्र येथें थोड्या विस्तारानें सांगण्याचें योजिलें आहे.

वाल्डेमार हाफकिन ह्यांचा जन्म इ. स. १८६० मध्यें काळ्या समुद्राच्या कांठीं असलेल्या ओडेसा शहरीं एका ज्यू कुटुंबांत झाला. ओडेसा त्या वेळीं रशियाच्या झारच्या राज्यांत मोडत असे, आणि त्या राज्यांत ज्यू लोकांवर नाना प्रकारचे निर्बंध होते. ओडेसाच्या विश्वविद्यालयांत हाफकिन प्राणिशास्त्र शिकूं लागले. तेथें त्यांस मेच्निकॉफ हे गुरु लाभले. रक्तांतील पांढऱ्या पेशी शरीरांत शिरलेल्या जंतूंस गिळून टाकितात, हा शोध पुढें ह्याच मेच्निकॉफ ह्यांनीं लाविला आणि त्यासाठीं १९०८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. इ. स. १८८१ मध्यें झार दुसरा अलेक्झांडर ह्याचा खून झाला आणि त्यानंतर रशियांत ठिकठिकाणीं ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले. ओडेसांतील कांहीं ज्यू तरुणांनीं आपल्या लोकांच्या रक्षणासाठीं एक पथक उभारलें होतें. त्यांत हाफकिन होते. एका ज्यू घराचें रक्षण करीत असतां ते जखमी झाले, आणि वर पकडलेहि गेले ते तेच! मेच्निकॉफ ह्यांनीं रदबदली केली म्हणून त्यांची सुटका झाली.

पदवी मिळाली तरी मार्ग मोकळा झाला नाहीं. ज्यू धर्म सोडून राजमान्य पंथाचा स्वीकार केला असता तर विश्वविद्यालयांत अध्यापकाची जागा मिळण्यासारखी होती. हाफकिन ह्यांनीं ती पत्करली नाहीं आणि ओडेसाच्या प्राणिशास्त्रविषयक वस्तुसंग्रहालयांत लहानशी नोकरी करून ते आपला अभ्यास चालवीत राहिले. धर्म ही अंतःकरणाची गोष्ट आहे. ती नोकरीच्या बदल्यांत देण्याघेण्याची वस्तु नव्हे. ह्या नकारांत जी प्रामाणिकता आहे तिचा कोणत्याहि धर्माच्या मनुष्यानें आदरच केला पाहिजे.

इ. स. १८८८ मध्यें त्यांनीं रशिया सोडला व ते स्वित्झर्लंडांत जिनीव्हा येथें गेले. मेच्निकॉफ तोंवर पॅरिस येथें लुई पाश्चर ह्यांच्या नव्या संस्थेंत रुजू झाले होते. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं आपल्या ह्या शिष्यास तेथें बोलावून घेतलें. परंतु प्रयोगशाळेंत जागा रिकामी नव्हती, ग्रंथालयांत साहाय्यक ग्रंथपालाची तेवढी होती. हाफकिन ह्यांनीं तीच घेतली. पुस्तकें लावून ठेवावीं आणि उरलेल्या वेळांत प्रयोगशाळेच्या एखाद्या कोपऱ्यांत काम करावें, असा त्यांचा क्रम सुरू झाला. जगांतील दोन महारोगांवरच्या लसींचा आरंभ असा पुस्तकांच्या कपाटांजवळ झाला.

आतां लस म्हणजे काय, हें थोडक्यांत पाहूं. ज्यास एकदां देवी येऊन गेल्या त्यास त्या सहसा पुन्हां येत नाहींत, हें लोकांस फार पूर्वींपासून माहीत होतें. इ. स. १७९६ मध्यें जेन्नर ह्यांनीं गाईच्या सौम्य देवी मनुष्यास टोचून खऱ्या देवींपासून त्याचें रक्षण करितां येतें, हें दाखविलें. पुढें पाश्चर ह्यांनीं तेंच तत्त्व व्यापक केलें. रोगाचे जंतु कांहीं उपायांनीं निर्बल करून शरीरांत घातले, तर शरीर त्या शत्रूची ओळख करून घेतें आणि त्याच्याशीं लढण्याची सामग्री तयार ठेवितें. मग खरा शत्रु आला म्हणजे तें बेसावध सांपडत नाहीं. कुत्रें चावल्यानंतर द्यावयाची लस पाश्चर ह्यांनीं १८८५ सालीं ह्याच तत्त्वावर दिली होती.

पटकीचा जंतु स्वल्पविरामाच्या आकाराचा असतो. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख ह्यांनीं १८८४ सालीं कलकत्त्यास येऊन त्याचा अभ्यास केला होता. परंतु ह्या जंतूवर लस करणें कठीण पडत होतें, कारण प्रयोगशाळेंत वाढविला असतां त्याचें बळ एकसारखें राहत नसे. बळ मोजतां आलें नाहीं तर मात्रा कशी ठरवावी? हाफकिन ह्यांनीं दोन प्रकारचे जंतु तयार केले. एक प्रकार ३९ अंश उष्णतेंत, वरून हवा खेळवीत वाढवून सौम्य केलेला. आणि दुसरा, गिनीपिग नांवाच्या लहान प्राण्यांच्या शरीरांतून पुनः पुनः नेऊन नेहमीपेक्षां प्रखर केलेला. प्रथम सौम्य लस टोचावयाची आणि कांहीं दिवसांनीं प्रखर. पहिलीमुळें शरीर सावध होतें, दुसरीमुळें तें बलवान् होतें. प्राण्यांवर हा उपाय यशस्वी ठरला. मनुष्यावर तो प्रथम कोणावर करावा, हा प्रश्न उरला. त्याचें उत्तर हाफकिन ह्यांनीं १८ जुलै १८९२ रोजीं स्वतःस टोचून घेऊन दिलें. ताप आला, अंग दुखलें, आणि दोनचार दिवसांत तें सर्व ओसरलें. दुसऱ्या मात्रेनंतरहि तसेंच झालें. आपण सुरक्षित राहिल्यावर मगच त्यांनीं आपल्या मित्रांस टोचलें.

ह्या लसीची खरी परीक्षा जेथें पटकी नित्याची होती तेथेंच होणें शक्य होतें. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या वेळीं पॅरिसमध्यें इंग्लंडचे वकील होते. त्यांच्या साहाय्यानें हाफकिन १८९३ च्या मार्च महिन्यांत कलकत्त्यास आले. आरंभीं लोक जवळ येईनात. परका मनुष्य, हातांत सुई, आणि सुईंत रोगाचेच जंतु! लोकांस संशय आला ह्यांत नवल नाहीं. आग्रा व उत्तर हिंदुस्थानांतील इतर शहरें फिरून ते पुन्हां कलकत्त्यास आले. इ. स. १८९४ मध्यें तेथील एका दाट, गरीब वस्तींत पटकी सुरू झाली असतां ते कांहीं बंगाली डॉक्टरांसह तेथें गेले. लोकांचा क्षोभ पाहून त्यांनीं सर्वांसमक्ष प्रथम आपणांस टोचून घेतलें. मग हळूहळू लोक पुढें आले. सुमारे २०० रहिवाश्यांपैकीं ११६ जणांनीं लस घेतली. त्यानंतर त्या वस्तींत ज्या थोड्या लोकांस पटकी झाली ते सर्व लस न घेतलेल्यांपैकीं निघाले. दोनअडीच वर्षांत हाफकिन ह्यांनीं चाळीस हजारांवर लोकांस टोचलें. शेवटीं हिंवतापानें त्यांचें शरीर खालावलें आणि त्यांस विलायतेस जावें लागलें. परंतु दुसऱ्याच वर्षीं ते परत आले.

ते परतले त्याच सालीं, म्हणजे १८९६ च्या पावसाळ्याअखेर, मुंबईंत मांडवी भागांत एक विलक्षण ताप दिसूं लागला. काखेंत वा जांघेंत गांठ येई, मनुष्य बरळूं लागे आणि दोनचार दिवसांत दगावे. मूळचे गोमंतकीय असे डॉक्टर अकासियु गाब्रिएल व्हिएगस ह्यांनीं त्या सप्टेंबरांत हा प्लेग आहे असें निःशंकपणें सांगितलें. थोड्याच महिन्यांत लक्षावधि लोक मुंबई सोडून गेले. गिरण्या ओस पडल्या. प्लेगचा जंतु येर्सिन ह्यांनीं १८९४ सालीं हाँगकाँग येथें शोधून काढिला होता, परंतु तो उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत मनुष्यास होतो हें अद्यापि कोणास ठाऊक नव्हतें. तें सिमाँ ह्यांनीं १८९८ सालीं कराचीस प्रयोगानें दाखविलें. तोंपर्यंत सरकार अंधारांतच लढत होतें. घरांची झडती, सामानाची होळी, माणसांची ताटातूट असे उपाय चालले. पुण्यांत त्यांचा अतिरेक झाला आणि १८९७ च्या जूनांत रँड ह्यांच्यावर गोळी झाडली गेली, हा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकांत आहे. त्याच वर्षीं १० मार्च रोजीं, पुण्यांतील रोग्यांची शुश्रूषा करितां करितां सावित्रीबाई फुले ह्यांस प्लेगनेंच मृत्यु आला.

हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्यें मुंबईस आले. भायखळ्यास ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांस एक लहानशी खोली व तिच्यापुढची पडवी मिळाली. हाताखालीं एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनीं काम आरंभिलें. रात्रंदिवसाच्या श्रमांनीं त्यांचा एक साहाय्यक आजारी पडला व दुसरे दोघे काम सोडून गेले. जंतु वाढविण्यासाठीं मांसाचें पाणी लागतें. गोमांस वापरल्यास हिंदु लस घेणार नाहींत, डुकराचें वापरल्यास मुसलमान घेणार नाहींत, हें ओळखून त्यांनीं बकऱ्याचें मांस योजिलें. त्या रसावर त्यांनीं तुपाचे थेंब तरंगत ठेविले. प्लेगचे जंतु त्या थेंबांच्या खालच्या अंगास चिकटून वाढतात आणि गुहेच्या छतास चुन्याचे सुळे लोंबावे तसे त्यांचे तंतु रसांत खालीं लोंबूं लागतात. भांडें हलविलें कीं ते तळाशीं पडतात, आणि वर पुन्हां नवे तंतु धरूं लागतात. असें कित्येक आठवडे केल्यावर रस जंतूंनीं दाट होई. मग तो ६५ ते ७० अंश उष्णतेंत एक तास ठेवून सर्व जंतु मारावयाचे. पटकीच्या लसींत जंतु जिवंत होते, ह्या लसींत ते मेलेले होते. परंतु शरीरास शत्रूची ओळख पटण्यास तेवढें पुरेसें होतें. हिंदुस्थानांतल्या स्वयंपाकघरांतलें तूप असें शास्त्राच्या कामीं आलें.

तीन महिन्यांत लस सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन ह्यांनीं पुन्हां प्रथम आपल्याच अंगांत ती टोचून घेतली, आणि तीहि पुढें लोकांस द्यावयाच्या मात्रेपेक्षां पुष्कळ मोठी. जोराचा ताप आला, परंतु अपाय झाला नाहीं. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या कारागृहांत प्लेग शिरला. तेथें तीनशेंहून अधिक कैदी होते. त्यांपैकीं सुमारे दीडशें जणांनीं लस घेतली; बाकीच्यांनीं घेतली नाहीं. अन्न तेंच, पाणी तेंच, कोठड्या त्याच. ज्यांस टोचण्यापूर्वींच रोग जडला होता ते वगळले असतां, लस घेतलेल्यांत दोघांस प्लेग झाला व त्यांतील कोणी दगावला नाहीं. न घेतलेल्यांत बारा जणांस झाला व त्यांतील सहा मेले. कैद्याची संमति कितपत मोकळी असते, हा प्रश्न आज आपण विचारूं, आणि तो विचारणें योग्यच आहे. परंतु त्या दीडशें अनामिकांचे उपकार पुढच्या पिढ्यांवर आहेत, हेंहि विसरतां कामा नये.

ह्याहून निर्णायक प्रयोग १८९८ सालीं बडोद्याजवळ उंधेरा गांवीं झाला. तेथें प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग करून निम्म्या माणसांस लस टोचण्यांत आली. ह्यांतील हेतु विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावा. एका गांवास टोचलें आणि दुसऱ्यास टोचलें नाहीं, तर कोणी म्हणेल कीं पहिल्या गांवचें पाणी चांगलें होतें. श्रीमंतांस टोचलें व गरिबांस नाहीं, तर कोणी म्हणेल कीं श्रीमंतांचीं घरें हवेशीर होतीं. परंतु एकाच छपराखालचीं, एकाच ताटांत जेवणारीं माणसें घेतलीं म्हणजे अशी शंका राहत नाहीं. फरक उरतो तो केवळ लसीचा. ज्या घरांत पुढें रोग शिरला त्यांत लस न घेतलेलीं ६४ माणसें होतीं. त्यांपैकीं २७ जणांस प्लेग झाला व २६ मेलीं. लस घेतलेलीं ७१ होतीं. त्यांपैकीं ८ जणांस झाला व ३ मेलीं. लस ही अभेद्य ढाल नव्हती, हें ह्याच आंकड्यांवरून दिसतें. परंतु ज्या गांवांत ती नव्हती तेथील हाहाकार आठवला म्हणजे तिची किंमत कळते.

लोकांची भीति घालविण्यास पुढाऱ्यांचें उदाहरण उपयोगी पडलें. तरुण आगाखान ह्यांनीं आपल्या अनुयायांसमक्ष स्वतःस लस टोचवून घेतली आणि माझगांव येथील आपली खुश्रू लॉज नांवाची इमारत प्रयोगशाळेसाठीं दिली. हजारों खोजा लोकांनीं त्यांचें अनुकरण केलें. ती जागाहि अपुरी पडूं लागली तेव्हां १८९९ च्या ऑगस्टांत सरकारनें परळचा जुना बंगला दिला. कांहीं वर्षांपूर्वीं मुंबईच्या एका गव्हर्नराची पत्नी त्याच बंगल्यांत पटकीनें वारली होती आणि तेव्हांपासून गव्हर्नरांनीं ती जागा टाकिली होती. पटकीनें ओस पाडलेल्या घरीं पटकीची लस शोधणारा मनुष्य राहावयास आला, हा योगायोग मोठा विलक्षण खरा.

येथपर्यंतची कथा यशाची आहे. पुढची वेगळी आहे.

इ. स. १९०२ मध्यें पंजाबांत प्लेगचा कहर झाला आणि तेथील सरकारनें परळकडे लक्षावधि मात्रा मागितल्या. काम जलद व्हावें म्हणून लस तयार करण्याच्या पद्धतींत हाफकिन ह्यांनीं कांहीं सुधारणा केल्या होत्या. त्यांत, लस टिकावी म्हणून जें कार्बोलिक अ‍ॅसिड घालीत असत तें वगळून केवळ उष्णतेवर भरंवसा ठेविला होता. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतहि हीच रीत चालत असे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मलकोवाल गांवीं १०७ लोकांस लस टोचण्यांत आली. त्यासाठीं पांच बाटल्या फोडल्या. सुमारे आठवड्यानें त्यांपैकीं १९ जणांस धनुर्वाताचीं लक्षणें झालीं आणि ते एकोणीसच्या एकोणीस मेले. त्या सर्वांस एकाच बाटलींतून टोचलें होतें. तिच्यावर ५३ एन् अशी खूण होती. उरलेल्या चार बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांस कांहींहि झालें नाहीं.

एकोणीस निरोगी माणसें रोग टळावा म्हणून विश्वासानें पुढें आलीं आणि त्या विश्वासानेंच मेलीं. चौकशी व्हावी हें न्याय्यच होतें. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. बाटली उघडण्यापूर्वींच, म्हणजे परळ येथेंच, तींत धनुर्वाताचे जंतु शिरले असावेत आणि कार्बोलिक अ‍ॅसिड वगळलें हें गैर झालें, असा तिचा कल पडला. हाफकिन ह्यांस कामावरून दूर करण्यांत आलें. परका, ज्यू, रशियांत जन्मलेला आणि वैद्यकीची पदवी नसलेला असा हा मनुष्य सरकारी डॉक्टरांच्या वरच्या जागीं बसला होता. त्याच्या बाजूनें बोलण्यास पुढें येणारे थोडेच होते.

आतां आपण स्वतः पंच होऊन पुरावा तपासूं. प्रश्न एवढाच कीं, जंतु बाटलींत परळास शिरले कीं मलकोवालास?

पहिला मुद्दा वासाचा. ती बाटली परळ येथें भरल्यापासून गांवांत उघडीपर्यंत ४१ दिवस लोटले होते. धनुर्वाताचे जंतु इतके दिवस बाटलींत वाढले असते तर तिला दुर्गंधि आली असती. बाटली उघडतांना ती हुंगून पाहण्यांत आली होती, आणि कसलाहि वास आला नव्हता.

दुसरा मुद्दा काळाचा. हे जंतु एक जहाल विष तयार करितात. तें विष बाटलींत आधींच सांचलेलें असतें तर टोचल्यावर लक्षणें फार लौकर दिसलीं असतीं. परंतु तीं आठवडाभरानें दिसलीं. ह्याचा अर्थ, शरीरांत ताजे जंतु गेले आणि विष त्यांनीं तेथें मग तयार केलें.

तिसरा मुद्दा चिमट्याचा. बाटलीचें बूच काढीत असतां एका साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. तो ज्योतींत धरून वा उकळून शुद्ध करावयास हवा होता. त्यानें तो नुसता कार्बोलिकच्या पाण्यांत हलविला आणि पुन्हां वापरला. धनुर्वाताचे जंतु मातींत व जनावरांच्या शेणांत नेहमीं असतात, आणि त्यांचीं बीजें इतकीं चिवट असतात कीं त्या पाण्यांत घटकाभर बुडविल्यानें तीं मरत नाहींत. ही चिमट्याची हकीकत चौकशीच्या कागदांत नमूद होती. परंतु निकाल देतांना तिला द्यावें तितकें महत्त्व दिलें गेलें नाहीं.

हे तीन धागे एकत्र केले म्हणजे दोष परळच्या प्रयोगशाळेकडे जात नाहीं, तर मलकोवालच्या अंगणांतील धुळीकडे जातो. हाफकिन हेंच सांगत होते. पण सांगणारा आरोपी असला म्हणजे त्याचें सांगणें सबबीसारखें वाटतें. पांच वर्षें गेलीं. शेवटीं सर्व कागदपत्र प्रसिद्ध झाल्यावर शास्त्रज्ञांस ते वाचावयास मिळाले. हिंवताप डांसांमुळें पसरतो हें सिकंदराबादेस शोधून काढणारे सर रोनाल्ड रॉस ह्यांनीं त्यांचा पक्ष हिरिरीनें घेतला, आणि जुलै १९०७ मध्यें रॉस ह्यांच्यासह दहा नामांकित शास्त्रज्ञांचें पत्र लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत प्रसिद्ध झालें. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारनें हाफकिन ह्यांस पुन्हां कामावर घेतलें. फ्रान्समध्यें ड्रेफस नांवाच्या ज्यू सेनाधिकाऱ्यास खोट्या आरोपावरून शिक्षा होऊन १९०६ सालीं तो निर्दोष ठरला होता. त्यावरून ह्या प्रकरणास लोक ‘लहान ड्रेफस प्रकरण’ म्हणूं लागले.

न्याय मिळाला, परंतु अर्धाच. परळची प्रयोगशाळा त्यांस परत मिळाली नाहीं. त्यांची नेमणूक कलकत्त्यास झाली, आणि तेथें लस तयार करण्याची सोय नव्हती. ज्या हातांनीं दोन लसी निर्माण केल्या ते हात त्यानंतर केवळ कागदावर चालले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं ते निवृत्त होऊन यूरोपांत गेले. त्यांनीं विवाह केला नव्हता. उतारवयांत ते आपल्या धर्माच्या आचरणांत अधिकाधिक रमले, आणि जन्मभर सांठविलेलें द्रव्य त्यांनीं पूर्व यूरोपांतील ज्यू मुलांच्या शिक्षणासाठीं ठेविलें. २६ ऑक्टोबर १९३० रोजीं स्वित्झर्लंडांतील लोझान येथें त्यांचें देहावसान झालें. त्यापूर्वीं, १९२५ सालीं, परळच्या प्रयोगशाळेस त्यांचें नांव देण्यांत आलें होतें, एवढें समाधान त्यांस हयातींत लाभलें. तोंपर्यंत तेथून प्लेगच्या लसीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर गेल्या होत्या. पुढें १९६४ सालीं भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढिलें.

आज हाफकिन ह्यांची ती जुनी लस कोणी वापरीत नाहीं. पिसवा व उंदीर ह्यांचा मार्ग कळला, स्ट्रेप्टोमायसिनसारखीं औषधें निघालीं, आणि प्लेग वेळीं ओळखल्यास बरा करितां येऊं लागला. शास्त्रांत असेंच होतें. कालचें उत्तम साधन आज मागें पडतें. परंतु एकाच घरांतील निम्म्या माणसांशीं निम्म्यांची तुलना करून सत्य शोधावें, ही रीत मागें पडलेली नाहीं. नव्या लसींची परीक्षा आजहि अशाच तुलनेनें घेतात.

विद्यार्थ्यांनो, ह्या कथेंतील चिमटा लक्षांत ठेवा. तो उचलणारा मनुष्य दुष्ट नव्हता. काम पुष्कळ होतें, माणसें खोळंबलीं होतीं, आणि एवढ्यानें काय होणार, असें त्यास वाटलें असेल. आपल्याहि हातून नित्य असे चिमटे पडतात. उत्तर ताडून न पाहतां वही मिटली जाते, पाण्याचें भांडें उघडें राहतें. बहुतेक वेळां कांहीं बिघडत नाहीं, आणि म्हणूनच संवय लागते. मलकोवालास एकदांच बिघडलें.

पालकांसहि एक विनंती आहे. घरांत वा शाळेंत कांहीं अनर्थ झाला म्हणजे आपलें बोट प्रथम कोणाकडे वळतें, हें आपण पाहावें. जो परका, जो एकटा, ज्याच्या बाजूनें बोलणारें कोणी नाहीं, त्याच्याकडेच तें बहुधा वळतें. तीन प्रश्न शांतपणें विचारले असते तर पांच वर्षांचा अन्याय टळला असता आणि कित्येक लक्ष लोकांस उपयोगी पडणारे हात रिकामे राहिले नसते. मुलांसमोर आपण असे प्रश्न विचारूं लागलों, तर मुलेंहि दोष देण्यापूर्वीं ते विचारावयास शिकतील.

सुटींत मुंबईस गेलांत आणि परळच्या त्या वाड्यावरून जाण्याचा प्रसंग आला, तर क्षणभर थांबा. दारावरील नांव एका माणसाचें आहे. परंतु भायखळ्याचे ते कैदी, ग्रँट मेडिकल कॉलेजांतील ते तीन शिपाई, कलकत्त्याच्या गरीब वस्तींत प्रथम हात पुढें करणारे ते रहिवासी आणि मलकोवालचीं तीं एकोणीस माणसें, ह्यांचीं नांवें कोठेंहि कोरलेलीं नाहींत. हाफकिन ह्यांच्या नांवाबरोबर त्यांचेंहि स्मरण करणें, हें आपलें कर्तव्य आहे.